कमळाबाईची हातोडी

आधीच सांगून टाकतो, या बाईवर मी दोन महिने चिडलेलो होतो. साधंसुधं नव्हे, समोर आली की तोंड फिरवायचो. आता तिच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मी त्याच्या अंगावर जातो.

कमळाबाई घरत, गाव नेरे. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री होती. तिथे ती माल तपासायची आणि मी, परेश, स्टोअर सांभाळायचो. पाण्याच्या पंपाचं बाहेरचं जाड बिडाचं कवच, त्याला केसिंग म्हणतात, ते आम्ही ओतायचो. बाई एकोणीस वर्षांची असताना वाळू झाडायच्या कामावर लागली. एकदा ढिगावर टाकलेला एक नग तिने बाजूला काढून ठेवला. का, तर म्हणे याचा आवाज बरा नाय. फोडून पाहिला तर आत तडा! तेव्हा हातोडी तिच्या हातात आली ती छत्तीस वर्षं सुटली नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर खडूची फुली.

तिची रीत ठरलेली. आधी हातातला हिरवा चुडा कोपरापर्यंत सारायचा आणि त्यावर रुमाल घट्ट बांधायचा, बांगड्या किणकिणायला नकोत म्हणून. मग पंखे बंद. "बोलू नका रं," ती म्हणाली की मालकसुद्धा गप्प.

गेल्या वर्षी घात झाला. आमचं सगळं काम एकाच पंप कंपनीचं, आणि त्या कंपनीला तेच केसिंग परदेशातून कितीतरी स्वस्तात मिळायला लागलं. तिथलं सरकार कारखान्यांना विजेत सूट देतं, भट्ट्या घ्यायला मदत करतं, जहाजाच्या भाड्यालाही हात देतं म्हणे. इथे आमचे मालक हितेशशेठ एकटे. कुठवर पुरणार बिचारे? कंपनीचे सत्यजीतसाहेब मात्र सरळ माणूस. म्हणाले, "शेठ, त्यांचे सहा नमुने आणतो. तुमच्या कमळाबाईंनी वाजवून बघावेत. एक जरी खराब निघाला तरी कंत्राट तुमच्याकडेच ठेवतो."

आता बोला! चौतीस माणसांची नोकरी त्या हातोडीवर येऊन बसली. मी सकाळीच बाईला गाठलं. म्हटलं, "मावशी, एकावर फुली मारून टाक. तुझ्या शब्दावर साहेब नग फोडूनसुद्धा बघायचे नाहीत." तिने नुसता खडू उचलला. मी समजलो, जमलं.

नमुने आले. चुडा वर गेला, पंखे बंद झाले, सगळी फाउंड्री श्वास रोखून उभी. पाच नग खणखणीत वाजले. सहाव्यावर तिने तीनदा हातोडी मारली. मी मनात म्हटलं, मार गं बाई, मार फुली! तिने खडू खाली ठेवला.

"सगले चांगले हायत, सायब."

कंत्राट गेलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "अगं, तुझा बाळूपण भट्टीवरच आहे ना? पोटच्या पोराचा तरी विचार करायचा!"

"त्याच्यासाठी खोटं बोलले असते, तर छत्तीस वरसं मी काय वाजवलं रं?" एवढंच म्हणाली आणि डबा उचलून चालायला लागली.

फाउंड्री बंद पडली. बाळू न्हावा शेव्याला ट्रेलरवर क्लीनर म्हणून लागला. मी घरी बसलो आणि येईल-जाईल त्याच्यापाशी कमळाबाईचा उद्धार करत राहिलो. दोन महिन्यांनी एका सकाळी दारात बघतो तर तीच उभी. सत्यजीतसाहेबांनी तिला बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात परदेशी माल तपासायला बोलावलं होतं. तिने अट घातली होती, जड नग उचलायला माणूस लागेल, तो मी आणीन.

"चल परेश. वजन उचलवतंय ना अजून?"

मी लाजेने मेलो. अहो, चौतीस जणांतून तिने निवडला कोण, तर तिला शिव्या घालणारा!

बंदरातून कंटेनर आला. मी एकेक नग उचलून ठेवायचो, ती वाजवायची. पहिले तीसेक चांगले निघाले. मग एक बद्द वाजला. फुली! मग आणखी एक. निम्मा माल होईपर्यंत सतरा फुल्या. नमुने निवडून आणले होते लेकांनी! मी नाचतच साहेबांकडे गेलो. म्हटलं, "बघा साहेब, आता तरी काम आमच्याकडे द्या!"

साहेबांनी मान खाली घातली. "परेश, हे सतरा फेकून दिले तरी तुमच्यापेक्षा स्वस्त पडतात."

तोंडात आलेली शिवी कशीबशी गिळली. म्हटलं, "चल मावशी, घरी जाऊ. कशाला वाजवतेस यांच्यासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. साहेबांना विचारलं, "फेकनार ना पन? का लावनार पंपात?"

"फेकणार."

"नक्की? यातला एकपन कुनाच्या हिरीवर जायला नको."

"नक्की, कमळाबाई."

तिने कपाळावरचा घाम पुसला, चुड्यावरचा सैल झालेला रुमाल दातांनी ओढून घट्ट केला.

"पंखा बंद कर, परेश," ती म्हणाली. "आन पुढचा."

मी पंखा बंद केला आणि पुढचा नग उचलला.