आपला गीझर बंद, तरी नळाला करंट

वाघोलीतल्या आमच्या इमारतीत आंघोळ चप्पल घालून करतात. नवीन भाडेकरूला हे कुणी लिहून देत नाही. तो सामान वर चढवत असतो तेव्हा शेजारचं कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. पाणी कधी येतं, कचरा कुठं टाकायचा, गाडी कुठं लावायची नाही हे सगळं सांगून होतं आणि जाता जाता ऐकू येतं, "आणि हो, बाथरूममध्ये रबरी चप्पल ठेवा. नळाला थोडं झिणझिणतं."

थोडं! आमटीत मीठ थोडं कमी आहे म्हणावं तसं.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. पोटापाण्यासाठी मी एका भाडेकरू संघटनेत काम करते, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिते आणि वाटते. त्यामुळे नळाला झिणझिणतं म्हणजे काय होतं हे मला कळतं आणि कळलेलं गप्प गिळायची सवय मला नाही. इथं राहायला आले त्याच आठवड्यात मी मालकांना गाठलं होतं. ते म्हणाले, "बघतो." पुण्याच्या आसपास 'बघतो' या शब्दाचा अर्थ काय होतो ते इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग आई आली. यवतमाळकडून, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. दवाखाना कोथरूडला, राहणं माझ्याकडे. आधी एक डोळा, तो बरा झाला की दुसरा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधलेली आई घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "डोकं नाई भिजवत. पण आंग त धुतो."

मी तिच्यापुढं चप्पल ठेवली.

"हे कायले?"

"आत घालून जा. नळाला करंट येतो, हाताला मुंग्या येतात."

"चपला घालून देवाचं नाव घेऊ काय मी? अन् तो आयकून घेईन?"

आई आंघोळ करता करता स्तोत्र म्हणते. पहिल्या तांब्याला सुरू होतं, शेवटच्या तांब्याला संपतं. मला आठवतंय तेव्हापासून हे असंच आहे आणि ते अनवाणीच. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दुसरा मार्ग काढला. गीझर लावला, चप्पल घालून बादली भरून ठेवली, गीझरचं बटण बंद केलं, बंद झालंय ना ते पुन्हा पाहिलं आणि मगच तिला आत जाऊ दिलं. बटण बंद म्हणजे करंट बंद. शाळेतलं पोरही हेच सांगेल.

आतून स्तोत्र सुरू झालं. मधेच तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि स्तोत्र तुटलं.

मी दार ढकललं. आई स्टुलावर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू; उठताना आधाराला म्हणून तिनं चाचपडत नळ धरला होता.

"मुंग्या म्हने!" ती म्हणाली. "लाथ मारली त्यानं मले. हात सुटला म्हनून बरं."

मी बटणाकडे पाहिलं. बंदच होतं.

इथं मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या कळल्याशिवाय माझा संताप कळणार नाही. व्होल्टेज म्हणजे जोर, ढकलण्याचा. करंट म्हणजे त्या जोरानं प्रत्यक्षात जे वाहतं ते. माणसाला इजा होते ती त्याच्या अंगातून जे वाहतं त्यानं. रबरी चप्पल नळावरचा जोर कणभरही कमी करत नाही, ती फक्त जमिनीकडची वाट अडवते. म्हणजे आमच्या इमारतीत जोर तसाच ठेवून दिला होता आणि वाट अडवायची जबाबदारी ज्याच्या त्याच्या पायावर टाकली होती.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गीझरच्या धातूच्या अंगाला एक हिरवी वायर असते. आत काही बिघडून करंट अंगावर आला, तर त्यानं माणसाच्या वाटेला न जाता या वायरीतून थेट मातीत जावं, यासाठी ती असते. इमारतीतल्या सगळ्या हिरव्या वायरी एकत्र होतात आणि खाली अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या पट्टीला जोडल्या जातात. आता समजा, त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, पण मातीला जोडलेल्याच नाहीत. मग? मग कुणा एकाचा गीझर बिघडला की त्याचा करंट हिरव्या वायरीतून सगळ्यांच्या नळांवर हजर. आणि घरातलं बटण फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडतं, हिरवी वायर तोडत नाही. तुम्ही आपलं बटण बंद करून निर्धास्त बसा. भलत्याच मजल्यावरचं दुखणं तुमच्या नळावर येऊन बसलेलं असतं.

मी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काही भारी यंत्र नाही. होल्डरमधला बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. एक वायर फेजला, दुसरी करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलला लावली तर बल्ब लखकन पेटला. दुसरी वायर तिथून काढून सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात घातली. काही नाही. अर्थिंग नव्हतंच. भिंतीत फक्त भोक होतं.

समोरच्या फ्लॅटमधला आयटीवाला दारात येऊन बघत होता. म्हणाला, "माझ्याकडे प्रॉब्लेम नाही. मी स्पाइक गार्ड लावलाय. चांगल्यातला."

"त्याचं काम काय असतं?"

"सर्ज आला की लॅपटॉप वाचवतो."

"सर्ज कुठं पाठवतो?"

मी त्याच्या खोलीतही तोच बल्ब लावून दाखवला. बाहेरून व्होल्टेजची लाट आली की ती बाजूला काढायची, तिचा भाग अर्थिंगच्या वायरीतून जमिनीकडे सोडायचा, हे स्पाइक गार्डचं काम. जमीनच नाही तर तो सोडणार कुठं? आणि तसाही तो लॅपटॉपसाठी असतो. नळ धरणाऱ्या माणसासाठी नाही.

"पण लाल दिवा लागतो त्याचा," तो म्हणाला.

"दिवा देवळातही लागतो."

तो हसला. मग म्हणाला, "अहो, तुम्ही एवढं काय घेता मनावर? बादली भरली की गीझरचा प्लगच उपटून ठेवा. मग तुमची हिरवी वायरही सुटली. तुमच्यापुरता प्रश्न मिटला."

बरोबर होतं ते. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. आणि ते ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती करंटनंही गेली नसती. तुमच्यापुरता! चप्पल तुमच्यापुरती, प्लग तुमच्यापुरता, स्पाइक गार्ड तुमच्यापुरता. वायर मात्र सगळ्यांची एक.

आईनं पलंगावरून सगळं ऐकलं होतं. तिनं पिशवी ओढली आणि लुगडी भरायला घेतली.

"हे काय करतेस?"

"मी चालली गावाले. रोज प्लग उपटून आंघोळ करू काय? अन् तू नसली घरी म्हंजे? एका डोळ्यानं दिसते तेवढं पुरे मले."

आणि दुसरा डोळा? तो तसाच पिकत ठेवायचा? आईला एकदा घरी जाऊ दिलं की ती पुन्हा पुण्याला येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हिरव्या वायरीपायी माझ्या आईचा एक डोळा जाणार होता. मी तिची पिशवी काढून घेतली आणि खाली गेले. जाता जाता जिन्याखालचा बोर्ड उघडून पाहिला.

मालक पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. मूळचे इथलेच, शेती होती तिथं आता इमारत आहे आणि ते वरच्या मजल्यावर राहतात.

"काका, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

"आसंल की हितंच कुठंतरी. फरशा बसवल्या तवा वरनं झाकला आसंल."

"आणि जिन्याखालच्या बोर्डात करंट गळला की आपोआप पडणारा स्विच होता. त्याच्या दोन्ही बाजू वायरचा तुकडा टाकून जोडून टाकल्यात. कुणी केलं?"

"सारखा पडायचा वो त्यो. लोक बोंबलायचे, लाईट गेली म्हणून. मग काय करणार?"

"तो पडायचा कारण करंट गळत होता! तो ओरडत होता आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

"ताई, इतकी वर्सं झाली, कुनाला काय झालंय का? थोडं झिणझिणतंय. रक्त फिरतं त्यानं." मग जरा हसून, "एवढं वायरीतलं कळतंय तर पत्रकं कशाला वाटत फिरता? वायरमन व्हा की."

मी वर आले तर आई घरात नव्हती. तेवढ्यात ती वरच्या जिन्यावरून भिंत धरून हळूहळू उतरताना दिसली. मालकांच्या बायकोकडे जाऊन चहा पिऊन आली होती. बायकांना भेटायला आईला ओळख लागत नाही.

"भली बाई आहे," ती म्हणाली. "म्हने, आमच्या नळालेबी येते. त्यायनं लाकडाचा पाट केला आहे. पाटावर उभे रायतात अन् आंघोळ करतात. सासूपासून नातवापर्यंत सारे."

म्हणजे मालकांना माहीत होतं. 'कुनाला काय झालंय का' म्हणणाऱ्या माणसानं सुताराकडून स्वतःच्या कुटुंबासाठी पाट करून घेतला होता. आणि ओलं लाकूड करंट अडवत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं! स्वतःच्या नातवाला ओल्या फळीवर उभा करून तो खाली निवांत बसत होता. दुष्टपणा असता तर मला चाललं असतं. दुष्टपणाशी भांडता येतं. हा नुसता आळस होता, घरोघर सारखाच, वरच्या मजल्यावर पाट आणि खालच्या मजल्यावर चप्पल.

मी कागद घेतला आणि जाड पेननं लिहिलं: मालक पाटावर, भाडेकरू चपलेवर, करंट सगळ्यांच्या नळावर. खाली इमारतीचं नाव. तो कागद नेऊन मालकांच्या मांडीवर ठेवला.

"ह्ये काय?"

"पत्रक. उद्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दुकानात देणार. तुमच्या भावकीच्या इमारतींतही."

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "पाटाचं कुनी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही."

"भावकीत नको," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "खड्डा करू."

फरशा उकरल्या तेव्हा हिरव्या वायरीचं टोक सापडलं. ते एका जुन्या लोखंडी पाइपाला बांधलेलं होतं. पूर्वी तो पाइप जमिनीत जायचा म्हणून अर्थिंगचं काम भागत होतं. मग कधीतरी प्लॅस्टिकची लाइन टाकली, लोखंडी पाइप मधेच कापला आणि वायर मात्र त्या कापलेल्या तुकड्याला तशीच ठेवली. कुणी विचारलंच नाही ती कुठं जाते. नवीन खड्डा झाला, त्यात पट्टी पुरली, वायर जोडली. बोर्डातला आपोआप पडणारा स्विचही नवा बसवून घेतला, तुकडा काढून.

आता वाटेल की लोकांनी मला हारतुरे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन घाईच्या वेळी, तो स्विच पडला. सगळी इमारत बंद. उचलला, पुन्हा पडला.

टॉवेल गुंडाळलेले, ब्रश तोंडात धरलेले, फेसानं माखलेले असे सगळे जिन्याखाली जमा झाले. "मॅडम, तुमच्या त्या खड्ड्यानं लाईट घालवली!" "आधी बरं होतं!" आयटीवाला स्क्रूड्रायव्हर आणि वायरचा तुकडा घेऊनच आला होता. "मला कॉल आहे. आत्तापुरतं जोडू, संध्याकाळी बघू."

मी बोर्डाचं झाकण लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले.

"बाजूला व्हा."

"नाही. हा स्विच पडतोय म्हणजे कुणाच्या तरी घरात करंट गळतोय. आज पहिल्यांदा तो तुमच्या नळावर न येता मातीत जातोय, आणि तुम्हाला तो परत नळावर हवाय?"

"आम्हाला लाईट हवीय!"

मालक मागून म्हणाले, "बघा. मी म्हणत नव्हतो? पब्लिकलाच नको हाय." मी झाकणाला पाठ आणखी घट्ट टेकवली.

जिन्यावरून मालकांची बायको खाली आली. केस ओले, पदर खोचलेला. ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"आपला गीझर लावला की पडतोय त्यो. मी लावून बघितलं, बंद करून बघितलं. आपलाच हाय."

सगळ्यांच्या माना मालकांकडे वळल्या.

"नातू उभा राहतोय त्या नळाखाली," ती म्हणाली. "काढा त्यो आधी."

मालक वर गेले. थोड्या वेळानं त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, "काढला!" मी स्विच उचलला. तो राहिला. लोक पांगले. आयटीवाल्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

घरात येऊन मी बल्ब लावून पाहिला. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. बल्ब पेटला, त्याच क्षणी खालचा स्विच पडला आणि इमारतीतून माझ्या नावानं पुन्हा शिमगा झाला. पडायलाच हवा होता; बल्बचा करंट आता मातीत जात होता. मी धावत जाऊन तो उचलला आणि शिव्या खाऊन वर आले.

आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी थांबली होती. "जाऊ काय?"

मी आधी स्वतः अनवाणी आत गेले, ओल्या फरशीवर उभी राहून नळ मुठीत धरला. मग तिला जाऊ दिलं.

मी दाराबाहेर उभी होते, राग अजून अंगातच होता. जे पहिल्या दिवशी असायला हवं ते मिळवायला एका बाईचा हात, एका घराची अब्रू आणि माझी सकाळ का लागावी? आत पाणी पडत होतं. स्तोत्र संथपणे पुढं सरकत होतं. शेवटच्या तांब्यानंतर नळ बंद केल्याचा आवाज आला आणि आईनं आतूनच विचारलं,

"दुसऱ्या डोळ्याले कधी बलावलं म्हने त्यायनं?"