खालून न कापता येणारी कादंबरी

जिल्हा दैनिकात बातमी खालून कापतात. जाहिरात आली, जागा कमी पडली, की उपसंपादक शेवटचा परिच्छेद उडवतो, मग त्याच्या वरचा. म्हणून वार्ताहर महत्त्वाचं सगळं पहिल्या चार ओळींत सांगतो आणि कमी महत्त्वाचं खाली सरकवत जातो. भूम तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी एकोणीस वर्षं असंच लिहिलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहिली, तीही अशीच. मला ते कळलं नव्हतं.

कादंबरी एका घरातल्या दोन जावांची होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. तिचं पहिलं वाक्य असं होतं : 'सरपंचपदाच्या निवडणुकीत धाकट्या जावेने थोरल्या जावेचा नऊ मतांनी पराभव केला आणि वर्षभरात त्यांचे घर वाटले गेले.' कोण, काय, कधी, किती, सगळं त्यात होतं. मला ते वाक्य आवडायचं.

तीन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, कारण न देता. चौथ्या प्रकाशन संस्थेच्या, पुण्याच्या, संपादक बाईंनी कारण कळवलं. माणसं खरी आहेत, त्यांनी लिहिलं होतं, पण दोनशे चाळीसपैकी शेवटची नव्वद पानं बाजूला ठेवून वाचलं तरी काही बिघडत नाही. दिवाळीच्या यादीत एक जागा आहे, गणपतीपर्यंत नव्यानं लिहून पाठवता आलं तर पाहू.

पाच महिने हातात होते. या वेळी परत आलं तर कादंबरी लिहिणं सोडायचं, हे मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

बाईंचं चुकतंय असं मला वाटत होतं. खात्री करायला मी हस्तलिखित घेऊन ईट गावाला गेलो. तिथं माझ्या थोरल्या बहिणीची खव्याची भट्टी आहे. घाणा निघेपर्यंत तिला कढईपासून हलता येत नाही, हात थांबला की खवा करपतो. ऐकणारं माणूस उठून जाणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. मी पहिलं पान वाचलं.

"म्हंजी धाकटी आली निवडून?" अक्कानं विचारलं.

"हो."

"अन् घर वाटलं?"

"हो. का वाटलं ते पुढं आहे."

"मग आता कशाला वाचतूस? झालं की समदं."

दूध घालायला आलेल्या शेजारच्या काकू रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेपरवाल्याचं असंच असतंय बाई. वरचं वाचायचं अन् खालच्यात भजी बांधायची."

दोघी हसल्या. मी पान मिटलं.

तरी अक्का गप्प बसली नाही. अशा दोन जावा आमच्या नातेवाइकांच्या एका गावात खरंच होऊन गेल्या होत्या. मी तिथूनच विषय उचलला होता. उलथणं फिरवता फिरवता तिनं तीच गोष्ट सांगायला घेतली. तिची सुरुवात स्कूटीपासून झाली. घरात स्कूटी एकच, तालुक्याच्या कचेरीचं गाव लांब, म्हणून उमेदवारी अर्ज भरायला दोघी एकाच स्कूटीवर गेल्या. चालवत होती थोरली. मागं बसलेल्या धाकटीच्या मांडीवर दोघींच्या कागदांची एकच पिशवी. वाटेत पेट्रोल संपलं तेव्हा ढकलायला कोण उतरलं, इथं तिनं दुसऱ्या घाण्याचं दूध कढईत ओतलं.

काकू त्याच गावात दिलेल्या लेकीकडं निवडणुकीत राहून आल्या होत्या. निकाल त्यांना पाठ होता. तरी त्या घागर खाली ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "मग? कोण उतरलं गं?"

मी खिशातली वही काढली. अक्काचे शब्द लिहिले नाहीत, फक्त क्रम लिहिला : कोणती गोष्ट कशाच्या आधी सांगितली, कोणती राखून ठेवली. दोन घाण्यांत पावणेदोन पानं भरली. शाळा-कॉलेजात आणि दैनिकाच्या कचेरीत लिहिण्याबद्दल जे ऐकलं होतं त्याहून ते मला जास्त उपयोगी पडलं.

नंतरचं काम कष्टाचं होतं, गूढ काही नव्हतं. वार्ताहराकडं पक्षांच्या, संघटनांच्या प्रेसनोटा ढिगानं येतात आणि त्यांची पाठ कोरी असते. एकेका पाठीवर एकेक प्रसंग लिहून मी ते फरशीवर मांडले आणि क्रम बदलत राहिलो. रोज पहाटे पाच ते आठ. आठनंतर बातम्या. 'आज सुचत नाही' असं बातमीदाराला कधी म्हणता आलेलं नसतं. ही सवय मोडायची गरज पडली नाही. प्रत्येक प्रकरण झालं की शेवटचा परिच्छेद हातानं झाकायचो. तरीही प्रकरण पुरं वाटलं, तर ते फाडायचं. एकतीसपैकी सत्तावीस फाडली आणि पुन्हा लिहिली. 'दरम्यान' हा शब्द सेहेचाळीस ठिकाणी सापडला, तो सगळीकडून काढला. 'याबाबत सविस्तर वृत्त असे की' हे एकदाच होतं, पण तेही एका बाळंतपणाच्या प्रसंगात.

नवी कादंबरी एकाच स्कूटीवरून निघाली आणि निवडणुकीचा निकाल शेवटून तिसऱ्या प्रकरणात लागला. गणपतीच्या चार दिवस आधी मी ती कुरिअर केली.

सतरा दिवसांनी फोन आला तेव्हा मी कळंबच्या बाजार समितीत सोयाबीनचे भाव टिपून घेत होतो. बाई म्हणाल्या, "घेतोय आम्ही." मी "बरं" म्हणालो आणि राहिलेले दोन भाव लिहून घेतले.

छपाईच्या वेळी त्यांचा पुन्हा फोन आला. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मनं छापतात. माझं दोनशे तेरा पानांचं झालं होतं, म्हणजे तेरा फॉर्म आणि वर पाच पानं. "पाच पानं कमी झाली तर चौदावा फॉर्म वाचतो. जमेल का?"

एकोणीस वर्षांत अशा प्रश्नाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. या वेळी म्हणालो, "कुठली काढायची ते तुम्हीच बघा. सापडली तर खुशाल काढा."

त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आवाजात थोडा राग होता, थोडं हसू.

"नाही सापडली. एक काढली की दुसरीकडं भोक पडतंय. वाढवतोय फॉर्म."

दिवाळीच्या आठवड्यात भूमच्या एसटी स्टँडवर पार्सल आलं. तिथंच बाकावर बसून मी दोरी सोडली आणि एक प्रत मागून उघडली. शेवटच्या वाक्यानंतर अकरा पानं कोरी होती.