आत्यांचं आष्टीतलं प्रभुभोजन

शनिवारी आमच्या जालन्यातल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. पलंगावर संडे स्कूलचे रंगवलेले तक्ते वाळत पडलेले असतात, सतरंजीवर पेटी, तबला आणि गायनमंडळाची सात-आठ माणसं, आणि ओट्यापाशी मी. नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे, मी शाळेत शिकवते. आठवडाभर आमची भेट दारातच होते; एक घरात शिरतो तेव्हा दुसरा चपला घालत असतो. रविवारी मात्र दोघं एकाच चर्चमध्ये असतो, तेही तो पेटीवर आणि मी पोरांच्या घोळक्यात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही हकीकत. चर्चची अख्खी मंडळी आपण दोघंच चालवतो असा माझा तेव्हा पक्का समज होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेल्या पोळीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी घ्यायचा. त्यासाठी लागणारी पोळी करायचं काम लग्नानंतर माझ्याकडे आलं होतं. आलं म्हणजे नवऱ्याच्या आत्यांनी ते मला दिलं. आई गेल्यावर यांना आत्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. आत्या दवाखान्यात नर्स होत्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर परतूर तालुक्यात आष्टीला स्वतःच्या घरी राहायला गेल्या. जालन्यात होत्या तोवर ती पोळी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची असायची. मैदा, पाणी, तेलाचं बोट. खमीर नाही, मीठ नाही. मंद आचेवर भाजायची आणि गरम असतानाच सुरीनं वर क्रूस आखायचा. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये दुकानातल्या ब्रेडचे चौकोन कापत. हे मी भोळेपणानं बोलून गेले आणि आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस गप्प होते. मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते.

आत्या दर पहिल्या रविवारी एसटीनं जालन्याला यायच्या. पोळीचा तुकडा तोंडात ठेवून डोळे मिटायच्या आणि उपासना संपल्यावर मी शेजारी उभी असताना यांना सांगायच्या, "तिला सांग, आच जास्त लागली." पुढच्या महिन्यात, "तिला सांग, पीठ मळायला कंटाळा करू नको." मला राग यायचा, आणि त्या रागात मी शनिवारी आणखी दहा मिनिटं पीठ मळायची.

त्या हिवाळ्यात एका बुधवारी आत्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. परतूरला काढलेला एक्स-रे पाहून जालन्याच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं आणि ताबडतोब भरती व्हा म्हणून सांगितलं. घरी परतलेल्या आत्या खाटेवरून हलेनात. हे दोनदा आष्टीला जाऊन हात हलवत परत आले.

"ती म्हणून राह्यली, रविवारी प्रभुभोजन घेतल्याबिगर दवाखान्यात पाऊल टाकणार न्हाई," हे म्हणाले. "या वयात ऑपरेशनच्या टेबलावर चढायचं म्हणजे तयारीनं चढायचं, म्हणती."

मग काय, आमची धावाधाव सुरू झाली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे पाच गावांचं काम. ते म्हणाले, जालन्याची उपासना आटोपली की आष्टीला येतो, पण चारला मला तीर्थपुरीत सभा आहे. त्यांची गाडी, आमच्यासाठी मागून एक मोठी भाड्याची गाडी, त्यात आत्यांसाठी गादी, असं सगळं जुळवलं. संध्याकाळी पाचच्या आत त्यांना भरती करायचं होतं. मला तर परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं. पहाटे पाचला उठून मी आधी चर्चच्या राखणदारमामांच्या डब्याची भाकरी थापली, मग दोन पोळ्या भाजल्या, एक चर्चसाठी आणि एक खास आत्यांसाठी. ती इतकी सुरेख उतरली की मी यांना झोपेतून उठवून दाखवली.

"छान हाय," हे एक डोळा उघडून म्हणाले.

"छान? अहो, नीट बघा तरी!"

चर्चचे राखणदारमामा एकटे राहतात, त्यांचं रविवारचं जेवण आमच्याकडून जातं. आता आमच्याकडे डबे कोणते? लग्नात महिला मंडळानं दिलेले, एका मापाचे सहा स्टीलचे डबे, प्रत्येकावर आमच्या दोघांची नावं कोरलेली. बाहेरून एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. उपासना संपताच मी एक डबा मामांच्या हाती दिला, दुसरा पिशवीत टाकला आणि धावत जाऊन गाडीत बसले. वाटेत आम्ही दोघं मोठमोठ्यानं गात होतो. ड्रायव्हरनं आपलं गाणं बंद करून आमचं ऐकलं.

आष्टीत शेजारच्या भाभींनी आत्यांचे केस विंचरून, पांढरी साडी नेसवून त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. पाळकसाहेबांनी स्टुलावर पांढरा कपडा अंथरला, द्राक्षरसाची छोटी बाटली काढली. मी पिशवीतून डबा काढते तेवढ्यात यांचा फोन वाजला. राखणदारमामा होते, आणि त्यांचा आवाज नेहमीच माळावरून हाक मारल्यासारखा असतो.

"जेवण झालं बरं का! पण आज ताई भाजी ठिवायला इसरल्या वाटतं. नुसती फिकी पोळी व्हती. खाल्ली मंग पाण्यासंगं!"

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता आत्या दवाखान्यात जाणार नाहीत, पायाचं कायमचं वाटोळं होणार, आणि ते माझ्या हातून झालेलं असणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. भाभी म्हणाल्या, "मैं जल्दी पाव लाके देती." आत्यांनी हातानंच नको म्हटलं, पावात खमीर. मी म्हणाले, दहा मिनिटांत पोळी करते. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं, तीर्थपुरीला फोन लावला आणि "करा ताई, मी थांबतो," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा ओढला. घाईत अर्धं पीठ जमिनीवर सांडलं, आणि मग मला रडूच फुटलं. हे पीठ गोळा करायला खाली बसले, तर मी त्यांच्यावरच खेकसले.

"पोरी, इकडं ये," बाहेरून आत्यांचा आवाज आला.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. मी पिठाचे हात घेऊन बाहेर गेले.

"भाकर कुणी थापली?"

"मी."

"कधी?"

"पहाटे पाचला."

"मीठ घातलं का?"

"नाही. भाकरीत मीठ कुठं घालतो आपण?"

"खमीर?"

"नाही."

"मंग रडून काय राह्यली?" आत्या म्हणाल्या आणि पाळकसाहेबांकडे वळल्या. "साहेब, तीच मोडा. त्या म्हाताऱ्याचं पोट त्या फिक्या पोळीनं भरलं, मला ही चालती."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि भाकरी मोडली. तिचा पापुद्रा करकरला. यांनी पेटीशिवाय गाणं धरलं, भाभी दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. आत्यांनी तुकडा घेतला, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. माझा तर ऊर भरून आला. आपल्या भाकरीनं आत्यांना एवढं भरून यावं!

"मिरच्या किती घातल्या गं?" आत्या कशाबशा म्हणाल्या. "पाणी दे."

त्यांच्या तुकड्याला नेमका ठेचा लागलेला होता. आधी पाळकसाहेब हसले, मग आम्ही सगळेच, आणि आत्या पाणी पिता पिता इतक्या हसल्या की "खुबा दुखून राह्यला, गप बसा," म्हणून ओरडल्या. प्रभुभोजनानंतर एवढं हसलेली माणसं मी अजून तरी पाहिलेली नाहीत.

चार जणांनी गादीसकट उचलून आत्यांना गाडीत ठेवलं. हे पुढं बसले, मी मागं त्यांच्या उशाशी. परतूर मागं पडलं. आत्या हळूच म्हणाल्या, "एकदा माझी पोळी मांजरानं नेल्ती. मी बाजारातला ब्रेड कापून दिला. कुणाला कळलं न्हाई. साहेबालाबी न्हाई."

मी तोंडाला पदर लावला. दीड वर्षं "तिला सांग" ऐकलेली मी, आणि आता हे!

"हसू नको. आजवर कुणाला सांगितलं न्हाई."

"मग मला का सांगितलं?"

त्यांनी अंगावरची शाल हनुवटीपर्यंत ओढली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं, आणि आत्या आता काठी घेऊन आमच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात. पण तेव्हा गाडीत आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांना ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन ठेवणारी ती बाई गाडीच्या छताकडे पाहत होती. मग तिनं माझा पिठाचा हात शोधून घट्ट धरला.

"मला भ्या वाटून राह्यलं गं."

मी संडे स्कूल घेते, महिलांच्या सभेत बोलते, कोणत्याही प्रसंगी मला प्रार्थना सुचते. त्या वेळी मी फक्त त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मलाही, आत्या," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून भिऊ."