हॉल बंद, स्टॉल चालू

आईला मी सांगून ठेवलंय की मी गेम्सच्या कंपनीत आहे. खोटं नाही ते, फक्त अर्धं आहे. तिने तिकडे पुण्यात सोसायटीत सगळ्यांना सांगून टाकलं की लेक लहान मुलांचे खेळ बनवते. मी सुधारायला गेले नाही. इथे परदेशातल्या मराठी मंडळातही कोणी विचारलं की मी ‘गेमिंग प्लॅटफॉर्म’ असं पुटपुटते आणि घाईघाईने बटाटेवड्यांकडे वळते. ऑनलाइन कॅसिनो हे दोन शब्द सरळ तोंडातून काढायला मला बरेच महिने लागले. आजी असती तर म्हणाली असती, जुगाराच्या अड्ड्यावर कामाला लागलीस होय गं. 

तर आमची कंपनी स्वतः एकही खेळ बनवत नाही. पुण्यात दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयात प्रदर्शनं लागतात ना, तसं आहे ते. कार्यालय एकाचं, स्टॉल दुसऱ्यांचे. दारावर तिकीट, दिवे, पंखे, वॉचमन हे कार्यालयाचं; साड्या, लोणची, पणत्या ज्याच्या त्याच्या. आमचं कार्यालय म्हणजे ती वेबसाइट. माणसाचं खातं, त्याचे पैसे, त्याची ओळखपत्रं आमच्याकडे. पत्ते, चक्र, फिरणारी फळं हे सगळं बाहेरच्या कंपन्यांकडून येतं, आणि ते आमच्या हॉलमध्ये नीट बसलं की नाही हे तपासायचं काम माझं. मी टेस्टर. पुण्यात असताना बँकांचं करायचे, इथे हे करते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो, यावर नवरा म्हणतो की तुला हे फुकटातही जमलं असतं.

कामावर मला सांभाळलं ते आंटीने. खरं तर सगळं ऑफिसच तिला आंटी म्हणतं. आमच्याकडे रस्त्यात कोणी मला आंटी म्हटलं तर मी त्याला सोलून काढीन, पण इथे मूळच्या माओरी आणि आसपासच्या बेटांवरून आलेल्या लोकांत ती मानाची पदवी आहे, ती मिळवावी लागते. आंटी माओरी, साठीला टेकलेली, ग्राहकांचे फोन घेणाऱ्या टीमची प्रमुख. माझ्या पहिल्याच दिवशी तिने डबा उघडायला लावला, थालीपिठाचा तुकडा न विचारता मोडून घेतला आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा घेतला. मग मला समजावलं की इथे कोणी ‘येह, नाह’ म्हणाला तर त्याचा अर्थ नाही, आणि ‘बघतो मी’ म्हणाला तर त्याचाही अर्थ नाहीच. मला हे आधी कळलं असतं तर मी दोन आठवडे कोणाची वाट बघत बसले नसते. घर शोधताना पापाटोएटो या उपनगरात ट्रेनच्या जवळ घे, मेथी आणि देऊळ दोन्ही पायी मिळेल, हेही तिनेच सांगितलं. हे सगळं तिने काही मोठं काम करतेय असा आव न आणता केलं.

त्या वर्षी एक नवा पुरवठादार यायचा होता. युरोपातला, मोठा, खऱ्या माणसांनी चक्र फिरवून दाखवायचं ते लाइव्ह रूलेट देणारा. त्याच्यासाठी मालकांनी देव पाण्यात घातले होते. सोमवारी सुरू करायचं ठरलं होतं, आणि टेस्टर म्हणून माझी मंजुरी आल्याशिवाय सुरू होणार नव्हतं.

शेवटच्या तपासण्यांत एक साधी तपासणी असते. आमच्या साइटवर एक बटण आहे: मला खेळू देऊ नका. ज्याला आपला हात आवरत नाही असं वाटतं त्याने ते दाबायचं, की त्याचं खातं बंद, कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. मी एका खिडकीत रूलेट चालू ठेवलं आणि दुसऱ्या खिडकीत ते बटण दाबलं. खातं बंद झालं. चला, म्हटलं, आणि पहिल्या खिडकीकडे बघितलं. तिथली बाई गोड हसत चक्र फिरवत होती. मी पैसे लावले. तिने घेतले.

परत केलं, परत तेच. कारण सापडायला वेळ लागला नाही. बाकीचे पुरवठादार प्रत्येक डावाला आमच्याकडे विचारतात, लावू द्यायचे का याला पैसे? हा विचारायचाच नाही. खेळ उघडतानाच खेळाडूकडून रक्कम आपल्याकडे वळती करून घ्यायचा, प्रदर्शनात आधीच कुपनं विकतात तशी. कार्यालयाने दार लावलं, दिवे मालवले, तरी आत ज्याच्या हातात कुपनं आहेत त्याला हा स्टॉलवाला माल विकतच राहणार.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मॅनेजरकडे गेले. हा इथलाच, उंच, मवाळ आवाजाचा, शुक्रवारी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून ऑफिसला येणारा माणूस. वाईट अजिबात नाही. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशाला त्यानेच पत्र दिलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की खिडकी आधीपासून उघडी असली तरच हे होणार, त्यात पैसे उरलेले असले तरच होणार, तेव्हा ‘किरकोळ’ म्हणून नोंदवू, सुरू झाल्यावर दुरुस्त करू. मी म्हटलं, सुरू झाल्यावर कोणी काही दुरुस्त करत नाही, मी बारा गावचं पाणी प्यायलेय. माझं इंग्रजी भांडताना जरा जास्तच स्वच्छ होतं. तो हळूच म्हणाला की माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर पुढे वाढवायचंय, त्याआधी हे सुरळीत पार पडलं तर त्याला वरच्यांशी बोलायला सोपं जाईल.

बहुतेक तो चांगल्या मनाने म्हणाला असेल. मी मात्र ट्रेन पापाटोएटोला पोचेपर्यंत त्याचे दहा अर्थ काढले. माझा व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला. नवऱ्याचा माझ्या व्हिसाशी. इंजिनियर असून त्याने कित्येक महिने हार्डवेअरच्या दुकानात पाइप विकले होते, आणि नुकताच कुठे बांधकामाच्या साइटवर लागला होता. मुलगी आल्यावर सहा महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. आता मी मराठीत ओरडले की इंग्रजीत उलट उत्तर देते, इतकी रुळली होती. माझी नोकरी गेली तर तिघांनीही सामान आवरायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो कणीक मळता मळता थांबला आणि म्हणाला, “अगं, किरकोळ तर किरकोळ. लिही ना. सगळ्या जगाचा मक्ता तू घेतलायस का?”

मी चिडले, आणि चिडले कारण मलाही तेच करायचं होतं. जेवणाच्या ताटावर बसून मी मनातल्या मनात ते वाक्य इंग्रजीत लिहूनही टाकलं होतं.  आपल्याला कोण विचारतंय, आपण परक्या देशात पाहुणे, असं काय काय मनाशी बोलत होते. घाबरले होते मी, दुसरं काही नाही.

शुक्रवारी बैठक होती. लांब टेबल, आठ-दहा माणसं, पडद्यावर पुरवठादाराचे दोघं. आंटीही होती, कारण सोमवारी लोकांचे फोन तिच्या टीमलाच येणार होते. मॅनेजरने एकेक विषय संपवत आणला आणि माझ्याकडे वळला. तोवर माझं काही ठरलेलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं की मी मंजुरी देणार नाही. आपण माणसाला शब्द देतो की आता तुला खेळता येणार नाही, आणि तो शब्द खोटा आहे. पडद्यावरचा एकजण हसून म्हणाला की बाईंची कळकळ त्याला समजते, पण ही फार दुर्मिळ परिस्थिती आहे. मी म्हटलं, दुर्मिळ म्हणजे काय? आवाज चढला होता माझा. टेबलाभोवतीचे लोक आपापल्या कपात बघायला लागले, इथे आवाज चढला की लोक कपात बघतात. मॅनेजर दमलेल्या आवाजात म्हणाला, “कोणीतरी आपणहून बंदीचं बटण दाबेल आणि त्याच मिनिटाला शेजारच्या खिडकीत खेळत बसेल? असं कोण करतं? मला एक माणूस दाखव.”

माझ्याकडे माणूस नव्हता. माझ्याकडे फक्त तपासणी होती.

“मी,” आंटी म्हणाली.

तिने आवाज अजिबात चढवला नाही. इथे कामाला लागायच्या बऱ्याच आधीची गोष्ट, म्हणाली, दुसऱ्याच एका साइटवर. नवरा गेल्यावर दिवसाचा वेळ जात नव्हता. एका दुपारी स्वतःचीच किळस आली आणि तिने ते बटण दाबलं. दाबल्यावर रडली, इतकं बरं वाटलं तिला. मग दिसलं की दुसरी खिडकी चालूच आहे. “मी जिंकले होते बटण दाबून,” ती म्हणाली. “पण त्या खिडकीत माझे पैसे होते, आणि ती मला थांबवत नव्हती. नातवाला शाळेतून आणायचं होतं मला. पाच वर्षांचा होता. मी पोचले तेव्हा गेट बंद झालं होतं, आणि तो शाळेच्या झाडूवाल्याबरोबर पायरीवर बसला होता. त्याने मला विचारलंसुद्धा नाही की कुठे होतीस.”

 पडद्यावरच्यांनी आपले माइक बंद केले. त्या खोलीतल्या प्रत्येकाला आंटीने कधी ना कधी धीर दिला होता. तिला ह्यातलं काही झालं असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. जुगाराच्या कंपनीत, फोन घेणाऱ्या टीमच्या प्रमुखाने, वरच्या साहेबांसमोर हे सांगायचं म्हणजे काय ते मला आत्ता लिहितानाही अंगावर येतं. तिने स्वतःची लाज उचलून माझ्या बाजूला ठेवली. मी तिची कोण होते?

मॅनेजरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला की सोमवारी सुरू होणार नाही. बस, एवढंच. त्यानेच वरच्यांचे फोन घेतले, बोलणी खाल्ली, आणि महिनाअखेर माझ्या कॉन्ट्रॅक्टचा कागद मुकाट्याने माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याचेही उपकार आहेत माझ्यावर, उगाच नाही म्हणायचं नाही.

बैठक संपल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. आंटी मागून आली, कागदी रुमालांचा गठ्ठा हातात कोंबला. मी म्हटलं, आंटी, का सांगितलंत तुम्ही? तुम्हाला काय गरज होती? ती आरशात बघून केस सारखे करत म्हणाली, “तुझी पोरगी आत्ता कुठे वर्गात बोलायला लागलीय. तिला परत विमानात बसवायचं होतं का?” आणि मी अजूनच रडले. मला या देशाने पगार दिला, घर दिलं, मोकळी हवा दिली, सगळ्यासाठी मी ऋणी आहे. पण इथे माझं माणूस आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या बाथरूममध्ये.

दुरुस्ती पुढच्या आठवड्यात आली. पुरवठादाराकडे सोय होतीच म्हणे. बंदीचं बटण दाबलं की आमच्याकडून त्यांना एक निरोप जायला हवा होता, तो कोणी जोडलाच नव्हता. मी शेवटची तपासणी करायला बसले आणि आंटीला बोलावून आणलं. माझ्या खुर्चीवर बसवलं. एका खिडकीत रूलेट उघडून दिलं, दुसऱ्या खिडकीत ते बटण दाखवलं, आणि म्हटलं, तुम्ही दाबा.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग दाबलं. शेजारच्या खिडकीतली बाई बोलता बोलता नाहीशी झाली, चक्र गेलं, आणि पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: खेळ बंद केला आहे, तुमची उरलेली रक्कम तुमच्या खात्यात परत जमा झाली आहे.

आंटीने त्या दोन ओळी वाचल्या. “पुन्हा करून दाखव,” म्हणाली. मी परत मांडून दिलं, तिने परत दाबलं, परत तेच झालं. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

“एवढंच लागत होतं?” तिने मला विचारलं. “मग मी शाळा सुटायच्या आत पोचले असते.”

“हो आंटी,” मी म्हटलं. “आरामात पोचला असतात.”