डोळ्यांची तारीख

सातवा महिना संपायच्या आतच माझी मुलगी जन्माला आली. मी तेव्हा मंद्रूपजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि आम्ही नवरा-बायको सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात राहत होतो. दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं, पायांवर सूज होती. मला वाटलं, उन्हानं होत असेल. तिसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात फळ्यावर पाढा लिहिताना आकड्यांभोवती काजवे चमकायला लागले. सोबतच्या बाईंनी मला तडक सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. रक्तदाब इतका चढला होता, की दुपारीच सिझर करायचं ठरलं. "थांबलो तर आईलाही धोका आणि बाळालाही," एवढंच डॉक्टर म्हणाले.

मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम.

मी तिला पाहिलं तिसऱ्या दिवशी. नवऱ्यानं व्हीलचेअर ढकलत मला त्या काचेच्या पेटीपाशी नेलं. नाकात नळी, पायाला वायर, आणि सगळ्यात लहान मापाचा डायपरही तिच्या छातीपर्यंत आलेला. कातडीखालच्या शिरा मोजता आल्या असत्या. खरं सांगायचं तर माया वगैरे काही दाटून आली नाही. मला भीती वाटली. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायला मी तयारच होईना. तिथल्या मोठ्या सिस्टर ते बघून म्हणाल्या, "मॅडम, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडून या. मग हात धुवा आणि आत या. हिला तुमचं दूध लागणार आहे."

तेव्हा त्यांचा राग आला होता. पण मी बाहेर गेले, रडले, हात कोपरापर्यंत धुतले आणि आत आले.

दर तीन तासांनी दूध काढायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळसुद्धा भिजला नाही. सिस्टरनी ते थेंबही वाया जाऊ दिले नाहीत, कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठांना लावले. मग नळीतून दोन मिली, चार मिली, दहा मिली. नळी निघाल्यावर बोंडल्यानं. टाके दुखत होते, पाठ धरत होती, पण तीन तास झाले की मी उठून बसायचे. त्या दिवसांत माझ्या हातात असलेलं तेवढं एकच काम होतं.

सासूबाई मंद्रूपहून आल्या त्या शेपूची भाजी आणि भाकरी बांधूनच. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी काचेतून नातीकडे बघितलं आणि सिस्टरना विचारलं, "एवढुसं लेकरू एकलंच पेटीत कशाला ठिवलंय? अंगाला लावून धरा की."

सिस्टर हसल्या. "आजी, तेच करायचंय. तिचा श्वास जरा स्थिर होऊ द्या."

तिचा श्वास स्थिर झाला आणि नेमका मला ताप भरला. टाक्यांत पू झाला होता. सिस्टर म्हणाल्या, आईला जमत नसेल तर घरातलं दुसरं कुणीही चालेल, फक्त अंगाला अंग लागायला हवं. आत्या लगेच पुढं झाल्या. त्यांनी आंघोळ केली, नखं काढली, पुढून उघडा गाऊन घातला. सिस्टरनी बाळाला त्यांच्या उघड्या छातीवर उभं ठेवून कापडानं बांधलं. आत्या चार तास तशाच बसल्या. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"पाय आखडतील, आत्या," मी म्हटलं.

"आखडू दे. हिचा जीव कसा चालतोय ते मला कळतंय हितं. मधीच थांबती बघ ही."

तशी ती थांबायचीच. एकदा माझ्या डोळ्यांदेखत तिचे ओठ निळसर झाले, मशीन ओरडायला लागलं. सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या. त्या धावत पोचायच्या आत आत्यांनी सिस्टरनीच शिकवल्याप्रमाणे तळपायावर टिचकी मारली होती आणि बाळ दचकून श्वास घ्यायला लागलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून नवरा यायचा. "बाबा, शर्ट काढा," असं सिस्टरनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता. चार दिवसांनी सांगावं लागत नव्हतं.

महिना झाल्यावर डोळ्यांचे डॉक्टर वॉर्डात आले. तपासून झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांमागचा पडदा कच्चा असतो," ते म्हणाले. "त्यावरच्या रक्तवाहिन्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढला जातो आणि नजर जाते. बाहेरून डोळा चांगलाच दिसतो. आज लेसरची गरज नाही, पण दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचंच. चुकवू नका." सिस्टरनी फायलीवर लाल पेनानं तारीख लिहिली.

सोळाशे ग्रॅमची झाल्यावर तिला घरी सोडलं. दुसऱ्याच दिवशी अप्पा, माझे वडील, करमाळ्याहून गाडी घेऊन आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, ते हुकलेलं. निदान आता तरी लेक आणि नात घरी यावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

"चल पोरी. तुझ्या आईनं खोली तयार ठेवलीय."

"अप्पा, मी नाही येत. डोळ्यांची तारीख आठ दिवसांवर आहे."

"मग त्या दिवशी आणू की परत."

"एवढ्या उन्हात, इतक्या लांब, दोनदा? आणि तिकडं गेलं की काहीतरी निघतंच. पाहुणे येतील, हिला सर्दी होईल, तारीख राहून जाईल."

अप्पांनी बाळाला हातात घेतलं. ती खिडकीतल्या उजेडाकडे एकटक बघत होती. "अगं, टकामका बघतेय ही. हिच्या डोळ्यांना काय झालंय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "महिन्याभरानं दाखवलं तर चालणार नाही का?"

अप्पांचं मला समजत होतं. त्याचं हे बोलणं मात्र लागलं. "नाही चालणार," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. मग आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पावणं, राग धरू नका. डाक्टर हिच्यासंगं बोललाय. आपन कुटं ऐकलंय त्येचं? ऱ्हाऊ द्या तिला. मी हाय की हितं."

अप्पा चहा अर्धा टाकून निघून गेले. आईनं दोन दिवस फोन उचलला नाही.

त्या तारखेला आम्ही सकाळीच निघालो. रिक्षाच्या बाजूला ओला पंचा बांधला, बाळ माझ्या छातीशी, शेजारी आत्या. दवाखान्यात आधी डोळ्यांत थेंब, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा थेंब. मग तिला घट्ट गुंडाळून पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून बारीक तारेचं साधन लावलं. ती जिवाच्या आकांतानं रडली. सिस्टर म्हणाल्या, बाहेर थांबलात तरी चालेल. मी थांबले नाही. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

दुसरा डोळा डॉक्टरांनी दोनदा बघितला. मला तिथंच कळलं.

"दोन्ही डोळ्यांत वाढलंय. उद्याच लेसर करू. महिना गेला असता तर माझ्या हातात फार काही राहिलं नसतं."

मी जिंकले वगैरे काही वाटलं नाही. आत्यांनी बाळ घेतलं आणि मी बाकावर बसून नवऱ्याला फोन केला, मग अप्पांना. नवरा पंधरा मिनिटांत आला. आल्या आल्या संमतीच्या कागदावर सही केली. अप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "निघतो आम्ही."

लेसर चालू होतं तेव्हा अप्पा माझ्या शेजारी बसले होते. "मी न्यायला आलो होतो, पोरी," ते म्हणाले. "तुम्हाला कुठं माहीत होतं," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. तिच्या डोळ्यांत बघून कुणालाच कळलं नसतं, मलासुद्धा.

नजर वाचली. पण एका लेसरनं सगळं सुरळीत झालं असं नाही. वर्षाची होत आली तरी तिचा डावा पाय ताठ राहायचा, टाच टेकायची नाही. रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम सांगितला होता. तो नवऱ्यानं अंगावर घेतला आणि पुढं दीड वर्ष एकही सकाळ चुकवली नाही. ती रडायची, तो तिला गाडीचे आवाज काढून दाखवायचा, पण पाय सोडायचा नाही. जवळजवळ दोन वर्षांची झाल्यावर ती चालली, सोफ्यापासून आत्यांच्या मांडीपर्यंत, सहा पावलं. आत्यांनी तिला धरलं आणि लगेच परत उभी केली. "जा, आता माघारी जा," म्हणाल्या.

आता ती पाच वर्षांची आहे. जाड भिंगांचा चष्मा आहे, त्याला मागून इलॅस्टिक लावलेलं. वयाच्या मानानं लहान दिसते, म्हणून लोक दुसऱ्यांदा वय विचारतात. मी दुसऱ्यांदा सांगते. पळताना अजून डावीकडे झुकते, पडते, चष्मा चाचपते आणि उठते. पुढच्या महिन्यात पुन्हा पडदा तपासायचा आहे. रजेचा अर्ज मी काल मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले.