शेवटचं गाणं जिथं थांबायचं

एकाच कॅसेटच्या मागे तीन माणसं चाळीस वर्षं लागली, की गाणी कमी आणि किस्सेच जास्त होतात. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ऑर्केस्ट्राचं तसंच झालंय. कोणी चहा पाजला की मी एक सांगतो, आणि एक सांगितला की दुसरा आपोआप बाहेर येतो. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

मंडळी तीनच. गजू गाणारा, त्याचं कापडाचं दुकान. सुधाकर गिटारवाला, गणिताचा मास्तर, आता रिटायर. आणि ड्रमवर मी, बबन. कॅसेट गजूनं तरुणपणी नागपूरहून आणली. सत्तरच्या दशकातल्या एका विलायती रॉक बँडची निवडक हिट गाणी, दुकानदारानं मोठ्या रेकॉर्डवरून उतरवून दिलेली. गजूनं ऐकून ऐकून सगळे शब्द देवनागरीत लिहिले आणि पाठ केले.

एकदा सुधाकरनं विचारलं, "गजू, याचा अर्थ काय बे?"

"अर्थ समजला का भाव बिघडते!" गजू म्हणाला. आजवर त्यानं एकाही गाण्याचा अर्थ समजून घेतलेला नाही, आणि भाव बिघडल्याची एकही तक्रार नाही.

*

किरनापूरला एका लग्नात आम्ही वाजवत होतो. गजू डोळे मिटून, मान हलवून, असा काही ओरडत होता की मांडवातली पोरं गप्प झाली. नवरीचे आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले. आम्हाला वाटलं, आता काठी बसते!

आजोबांनी हात जोडले. "भाऊ, हे कोणत्या देवाचं हाय?"

गजूनं डोळेसुद्धा न उघडता सांगितलं, "बाबा, सगळ्याइले चालते!"

आजोबांनी पाच मिनिटांनी तेच गाणं परत म्हणायला लावलं.

*

त्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं म्हणजे आमचा जीव. गाणं हळू सुरू होतं, चढत चढत जातं, आणि ऐन भरात खट्! बंद. पुढं काहीच नाही. आम्ही म्हटलं, वा रे पठ्ठे, काय शेवट केलाय! मी महिनाभर झांज हातानं धरून आवाज तोडायची प्रॅक्टिस केली.

"असं मधातच काहून थांबले असतीन बे?" मी एकदा विचारलं.

"विलायती लोकं हायत. काम झालं का उठून जातेत," गजू म्हणाला. पटलं आम्हाला.

दर गणपतीत आमचा कार्यक्रम त्याच गाण्यानं संपायचा. खट् झालं की लोक टाळ्या वाजवून उठायचे, चपला शोधायचे. बिचाऱ्या सुधाकरला मात्र त्या गाण्यात नुसते तेच ते तीन कॉर्ड. तो म्हणायचा, "कॅसेटमधलं सगळ्यात भारी गानं, अन् माह्या वाट्याले हमाली!"

*

यंदा उन्हाळ्यात सुधाकरच्या पोरीनं, पिंकीनं, तो अख्खा अल्बम फोनवर शोधून स्पीकरवर लावला. आम्ही तिघं बसलो होतो. शेवटचं गाणं आलं, चढलं, ती जागा आली. आम्ही सवयीनं उठलो, चहा प्यायला.

आणि गाणं थांबलंच नाही हो!

पुढं गिटार सुरू झाली. एकटी गिटार. अशी वाजत होती की अंगावर काटा आला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. रेकॉर्ड मोठी, कॅसेट छोटी. कॅसेटची टेप संपली होती, गाणं नाही!

सुधाकर अर्धा उठलेला, तसाच वाकून उभा. डोळ्यांत पाणी.

"अबे, हे तं माह्यं होतं!" तो म्हणाला.

त्या दिवशी चहा कोणीच प्यायला नाही.

*

मग त्यानं ठरवलं. या गणपतीत पूर्ण गाणं वाजवायचं. पण डाव्या हाताची बोटं सांध्यात आखडलेली. डॉक्टर म्हणाले, "सर, या बोटांना आराम द्या."

"डॉक्टरसाहेब, त्या गान्यात चाळीस वर्सं आरामच तं केला!"

वहिनी रोज तेल चोळून द्यायच्या आणि चोळता चोळता रागवायच्या. गजूचं वेगळंच दुखणं. "एवढा वेळ तू वाजवशीन, तं मी स्टेजवर काय करू?"

"पानी पी!"

मला मनातून भीती वाटत होती. सगळ्या मोहल्ल्यासमोर हात अडकला तर हा माणूस परत गिटारला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं.

*

गणपतीचा कार्यक्रम. मैदान भरलेलं. शेवटचं गाणं चढलं, ती जागा आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उठले. चपला शोधायला लागले!

सुधाकरनं मान वर केली नाही. वाजवायला लागला. एका ठिकाणी बोट घसरलं, पण गडी थांबला नाही. जाणारे लोक जागच्या जागी उभे राहिले. कोणाच्या हातात चप्पल, कोणाच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू. शेवटचा सूर विरला. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. गजू पाणी प्यायचंसुद्धा विसरला.

मंडळाचा नवा अध्यक्ष धावत स्टेजवर आला. सुधाकरचाच विद्यार्थी, गणितात दोनदा नापास. सरांच्या पाया पडला.

"सर, वो गाना तो हम बचपन से सुन रहे हैं. लेकिन ये पीछे वाला… ये आपने खुद बनाया?"

सुधाकरनं गजूकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघं वायर गुंडाळायला लागलो.

"हौ," सुधाकर म्हणाला.