बाटली आडवी करायच्या दिवशी

आमच्या गावात देशी दारूचं दुकान उघडलं तेव्हा बायांना कुणी विचारायला आलं नव्हतं. बंद करायचं म्हटलं तेव्हा मात्र कायदा निघाला. आधी बायांनी सह्या-अंगठे द्यायचे, मग साहेब येऊन खात्री करणार, मग मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली नि एक आडवी. दुकान बंद पाहिजे तर आडवीवर शिक्का मारायचा.

हे सगळं माझ्या थोरल्या जावेनं अंगावर घेतलं. नवरा दारूत पार गेलेला, तो काही सुधरत नाही हे तिला कळून चुकलं होतं. जीव अडकला होता पोरात. लग्नाला आलेला पोरगा, बापाला आणायला म्हणून दुकानावर जायचा आणि हल्ली तिथंच टेकायला लागला होता. "बाप तर गेल्यातच जमा हाय, पोरगं तरी राहू दे," म्हणायची. हदगावला तहसिलीत खेटे घालून बेजार झाली, पण मतदान लावून घेतलंच.

आणि नेमकं मतदानाच्या दिवशी पहाटे थोरले दीर गेले. रक्ताची उलटी झाली, दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं. लेक मुदखेडला दिलेली, ती आल्याशिवाय मयत उचलायची नाही असं ठरलं. भावकीतल्या बाया जमल्या, रडारड सुरू झाली. तिकडं शाळेत मतदान सुरू झालं तरी एक जण उठेना. दारात मयत असताना शिक्के मारायला गेलं तर लोक तोंडात शेण घालतील, हे सगळ्यांचं म्हणणं. आणि आमची भावकी म्हणजे जवळजवळ अर्धं गाव!

"बायांनो, जा गं," जाऊ म्हणाली. "इथं बसून हे उठणार हायेत का?"

चुलतसासू म्हणाली, "अगं, आम्ही कुठं उभीला मत देऊन राहिलो? न्हाई गेलं तर काय बिघडतंय? ज्या जातील त्यांच्यात व्हईल की."

इथंच घात झाला. साहेबांनी ग्रामसभेत भोंग्यावरून सांगितलं होतं, मत द्यायला आलेल्यांच्या नाही, गावातल्या एकूण मतदार बायांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. म्हणजे घरी बसली ती बाई आपसूक बाटलीच्या बाजूला. मी घसा फोडून सांगितलं, कुणाच्या टाळक्यात शिरेना. आजही डोकं तापतं माझं. आमदाराला एक मत जास्त पडलं तरी तो गुलाल उधळतो, आणि आमच्या बाटलीला हा हिशोब!

जाऊ उठली. कपाळाचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. मला म्हणाली, "चल गं." आम्ही दोघी रस्त्यानं निघालो तशी पारावरची गडीमाणसं तोंड वासून बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालंच, "लाज सोडली बघा हिनं." शाळेत रांगेतल्या दुसऱ्या आळीच्या बायांनी मुकाट बाजूला होऊन वाट दिली. शिक्का मारून ती परत आली, मयतीच्या उशाशी बसली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

दुपारी चिता पेटली, संध्याकाळी मोजणी झाली. आडवी लई पुढं, उभीला नावापुरती मतं. दुसऱ्या आळीच्या बायांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. साहेब खाली मान घालून म्हणाले, "एकूण बायांच्या निम्म्यापर्यंत पोचलं नाही. दुकान चालू राहील. आता लगेच पुन्हा मतदान घेता येत नाही." टाळ्या तिथंच थांबल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गडी नदीवर गेले. परतीच्या वाटेवरच ते दुकान. पोरगा घरी आला तो दोघांच्या खांद्यावर, तोंडाला भपकारा, नखात बापाची राख. ओसरीवर त्याच भावकीतल्या बाया बसायला आल्या होत्या. जावेनं काही आरडाओरडा केला नाही. पोराचा दंड धरून त्याला त्यांच्या मधोमध नेऊन बसवलं.

"मयत सोडून उठता येत न्हाई ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग ह्याचंबी आत्ताच रडून घ्या. म्हणजे पुढच्या मतदानाला मोकळ्या ऱ्हाल."